गोळी दिली ना, मग परत जंत कसे? मुलांच्या पोटाबाबत या चुका टाळा

"बाई, ह्येका जंत झाले." उपकेंद्राच्या पायरीवरूनच निदान येतं. कशावरून म्हणून विचारलं की ठरलेली यादी: रात्रीचा दात खातो, लाळ गळते, सारखं गोड मागतो. जंत नसलेली पोरंही दात खातात आणि गुळाच्या खड्यातून जंत पोटात जात नाहीत, हे मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या वाड्यांवर मी बावीस वर्षं सांगतेय. आरोग्य सेविका म्हणून जेवढ्या लसी टोचल्या नसतील तेवढ्या वेळा सांगितलं असेल. तरी त्याच चुका, तीच घाई, आणि शेवटी "तुमच्या गोळीत दम नाय."

गोळीत दम असतो. चुकतं ते पुढचं.

एकाच पोराला गोळी

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मीसुद्धा केली आहे. आषाढातली गोष्ट. तिसरीतला मुलगा, रात्री झोपत नाही, ढुंगण खाजवून खाजवून लाल. मी अल्बेंडाझोलची गोळी दिली. आठ दिवस बरा, तीन आठवड्यांनी पुन्हा हजर. मी पुन्हा गोळी दिली. तिसऱ्या वेळी आई माझ्याकडे आलीच नाही. बाजारातून महागडी गोळी घेऊन आली. औषध तेच, फक्त पाकीट चकचकीत. तीही वाया गेली.

मग मी एके दिवशी सकाळी सहाला त्यांच्या घरी गेले, मुलाने अंघोळ करायच्या आणि परसाकडला जायच्या आधी. पर्समध्ये पुड्या चिकटवायची साधी पारदर्शक चिकटपट्टी होती. मुलाच्या गुदद्वाराशी ती दाबून उचलली, तर पट्टीवर गोधडीतून निघालेल्या दोऱ्याच्या तुकड्याएवढं काहीतरी पांढरं. तुकडा वळवळत होता. आईने तोंडावर पदर धरला. मी माजघरात नजर टाकली तर एका लांब चटईवर दोन गोधड्या आणि त्याखाली पाच पोरं ओळीने झोपलेली, कडेला आजी. "आज्ये, तुकाय खाज येता?" विचारल्यावर आजी भिंतीकडे वळली. वर्षभर येत होती. सांगणार कुणाला?

हे बारीक सुतासारखे जंत. मादी रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालते, म्हणून खाज रात्री. पोर खाजवतं, अंडी नखात, नखं तोंडात. राहिलेली अंडी गोधडीवर, उशीवर, चड्डीवर. काही तासांत ती लागण करण्याजोगी होतात आणि घरात दोन-तीन आठवडे टिकतात. त्यात त्या घरी रोज सकाळी माजघरातच गोधड्या झटकायची पद्धत! एकाला गोळी द्यायची आणि बाकीच्यांनी त्याच गोधडीत झोपायचं, म्हणजे होडीतलं पाणी उपसायचं आणि भोक तसंच ठेवायचं.

त्या दिवशी मी वहीत घरातली नऊ माणसं लिहिली. धाकटी सून दोन महिन्यांची गरोदर, तिला गोळी नाही. बाकी आठांना एकाच संध्याकाळी, माझ्यासमोर. कॅलेंडरवर दोन आठवड्यांनंतरच्या तारखेला गोल केला, कारण गोळी जंत मारते, अंडी मारत नाही. मधल्या दिवसांत अंड्यांतून जे बाहेर येतील ते दुसऱ्या गोळीने गाठायचे. नखं कापली. सकाळी उठल्याबरोबर खालून धुवायचं, रात्री घट्ट चड्डी. गोधड्या न्हाणीच्या चुलीवरच्या कढत पाण्यात घातल्या आणि आषाढात ऊन कुठलं, म्हणून चुलीवरच्या दांडीवर वाळवल्या. पोरगा शांत झोपू लागला. आजी पुढच्या भेटीत शहाळं देऊन गेली, कारण मात्र सांगितलं नाही.

पहिल्या दोन वेळा चूक माझी. घरात कितीजण एकत्र झोपतात, हे मी विचारलंच नव्हतं. आता गोळी काढायच्या आधी तोच प्रश्न.

आणि शौच तपासून "जंत नाहीत" असा कागद घेऊन येणाऱ्यांनो, हे जंत शौचाच्या तपासणीत बहुतेक वेळा सापडतच नाहीत. पहाटेची चिकटपट्टीच बरी.

जंत आणि जंतू एकच समजणं

एका उकाराचा फरक, पण त्या उकाराने पोरं दवाखान्यात गेलेली पाहिली आहेत. जंत म्हणजे डोळ्यांना दिसणारे कृमी. जंतू म्हणजे जिवाणू, विषाणू. जंताची गोळी जिवाणू-विषाणूंना शिवत नाही आणि अँटिबायोटिक जंतांचं काही वाकडं करत नाही.

गणपतीच्या दिवसांत विहिरींना पाणी भरपूर, पण तेवढंच गढूळ. जांभ्याच्या भेगांतून वरचं सगळं खाली झिरपतं. त्या दिवसांत एका बापाने दीड वर्षाच्या मुलीला पाण्यासारखे जुलाब लागले म्हणून जंताचं औषध पाजलं. जंत पडले नाहीत, म्हणून संध्याकाळी पुन्हा. वर "पाणी दिलं की जुलाब वाढतात" म्हणून पाणी बंद. माझ्याकडे आणली तेव्हा डोळे खोल, रडताना डोळ्यात टिपूस नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू मागे जात होती. ओटीवरच बसून चमच्या-चमच्याने ओआरएस पाजत राहिलो आणि गाडी आल्यावर पुढे पाठवली. वाचली. बाप अजून रस्त्यात दिसला की रस्ता बदलतो, मी काही बोलत नाही तरी.

ओआरएस करतानाही शॉर्टकट. लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात ओततात, "घट्ट केला की जोर येतो" म्हणून. घट्ट ओआरएसने जुलाब वाढतात. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच, आणि चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून द्या. जोडीला झिंकच्या गोळ्या चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले म्हणून उरलेल्या फडताळात ठेवणाऱ्या आया मला आठवड्याला दोन तरी भेटतात.

उलट टोकाला शहरातून आलेले चाकरमानी. पोराला दोन जुलाब झाले की बॅगेतून उरलेलं अँटिबायोटिक निघतं. बहुतेक साधे जुलाब विषाणूंचे, तिथे त्याचा उपयोग शून्य. वर आतड्यात राहणारे चांगले जिवाणूही मरतात आणि त्यापायीच जुलाब लांबतात. हे जिवाणू पहिल्या दिवसापासून जमतात. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत, त्या खाऊन बाळाच्या आतड्यातले जिवाणू पोसतात. एवढी सोय असताना आपण सहा महिन्यांच्या आत गुटी देतो, आणि ती उगाळायची सहाण? एका घरी सहाणेच्या खळग्यात कालचा सुका थर आणि वर माशी. शौचात रक्त असेल, ताप असेल, पोर मलूल असेल तर डॉक्टरकडे, आणि अँटिबायोटिक हवं की नको ते त्यांनीच ठरवायचं. बाकी अंगावरचं दूध चालू, मोठ्यांना पेज, ताक. ताकाला कोकणात कधी कमी नव्हती, पण आता रंगीत बाटलीच पौष्टिक वाटते.

तान्ह्याची शी "निरुपद्रवी" समजणं

मागीलदारी न्हाणीचं सांडपाणी जातं तिथे अळू. आणि पोराची शी खराट्याने ढकलायची ती त्याच अळवात. "लहान पोराची, तिका काय होता?" बाळ रांगायला लागलं, माती तोंडात घालू लागलं की त्याच्याही पोटात जंत असू शकतात. गांडुळासारखा जो लांब जंत पडतो, त्याची मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. ती ताजी असताना लागण करत नाहीत, ओलसर सावलीच्या मातीत दोन-चार आठवडे मुरावी लागतात. म्हणजे आज टाकलेल्याचा जाब महिन्याभराने. म्हणून कुणाला संबंध जुळत नाही. अळू शिजतं, त्यात अंडी मरतात. पण त्याच वाफ्यातली कोथिंबीर वर कच्ची भुरभुरतो आणि खेळायला पोरं तिथेच. शी संडासातच टाका, मग हात साबणाने, साबण नसेल तर चुलीतल्या राखेने.

अनवाणी पाय

आकडीच्या जंताची (हुकवर्मची) पिल्लं बहुतेकदा तोंडातून नाही, तळपायाच्या कातडीतून शिरतात. माडाच्या बागेतली ओली, सावलीची, रेताड माती त्यांना आवडते. आत जाऊन आतड्याला चिकटून रक्त पितात. फिकट नखांची, दम लागणारी, खडू खाणारी मुलगी दिसली की लोहाच्या गोळ्यांबरोबर जंताची गोळीही लागते. शाळेतली लोहाची गुलाबी किंवा निळी गोळी एकटीच देणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. चपला घाला. लावणीच्या चिखलात चपला चालत नाहीत, मान्य, पण संडासाला जाताना तरी?

बाकीच्या, थोडक्यात

किरायत्याचा काढा मीही लहानपणी नाक दाबून प्यायलेय. कडू असतो, एवढंच खात्रीने सांगते. त्याने जंत पडलेले मी पाहिले नाहीत.

वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोट नको. जंतांसाठी नको आणि कौतुकासाठीही नको.

लहान पोराच्या घशात अख्खी गोळी कोंबू नका, गुदमरतं. एक ते दोन वर्षांना अर्धी, दोन ते तीनला एक, दोन्ही चुरून पाण्यात. त्यावरच्यांनी चावून. ताप किंवा आजार असेल तर बरं होईपर्यंत थांबा.

गोळीनंतर थोडं पोट दुखलं की "रिअॅक्शन" म्हणून गाव गोळा करू नका. जंत जास्त असले की असं होतं, बहुतेकदा काही तासांत उतरतं.

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला अंगणवाडीत, शाळेत १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना गोळी देतात. २०१५ पासून हे चालू आहे. "आमच्याकडे जंत नसतात" म्हणून त्या दिवशी पोराला घरी ठेवणारे जास्त करून पक्क्या घरातले असतात. चुकलेल्यांसाठी आठवड्याभराने पुन्हा दिवस असतो, तोही चुकवतात.

आणि शिक्षकांनो, गोळी हातात देऊन पाठ फिरवू नका. एका शाळेत मी शंभर टक्के वाटप म्हणून सही केली आणि दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर वर्गाच्या खिडकीमागे गेले. पागोळीच्या चरात अकरा गोळ्या, अर्ध्या विरघळलेल्या. तेव्हापासून माझ्यासमोर चावायची, मग आ, जीभ वर, जीभ खाली. पोरं मला "जीभवाली बाई" म्हणतात.