‘द दा विंची कोड’ वाचून आलेल्या मुलांशी कसं बोलावं

चर्चच्या तरुण संघात कधी ना कधी कोणीतरी विचारणारच, “मावशी, येशूचं लग्न झालं होतं आणि चर्चने ते दडवलं, खरं का?” डॅन ब्राऊन यांच्या या कादंबरीत येशूची शिष्या मग्दालीया मरीया त्याची बायको आहे, आणि त्यांच्या वंशाचं गुपित प्रायरी ऑफ सायन नावाची संघटना जपते. कादंबरी २००३ची, सिनेमा २००६चा, पण प्रश्न अजून शिळा झालेला नाही. पूर्वी तो जाड पुस्तकातून यायचा, आता मोबाइलवरच्या मिनिटभराच्या व्हिडिओतून येतो आणि विचारणाऱ्याला त्याचं मूळही ठाऊक नसतं. मी नगरला शाळेत इतिहास शिकवला, आता आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, कॉलेजच्या मुलांचा बायबल अभ्यास घेते. असा वर्ग घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी पुस्तक स्वतः वाचा. “मी असलं काही वाचत नाही” म्हणणाऱ्याचं मुलं ऐकत नाहीत, आणि बरोबरच करतात. पानं भराभर उलटतात. लेखक डॅन ब्राऊन यांना ती हातोटी आहे हे मोकळेपणाने मान्य करा. वाचताना हातात पेन्सिल ठेवा. जिथे इतिहासाचं काही विधान येईल तिथे समासात लिहा: हे कोण बोलतंय आणि कशाच्या आधारावर. ५५व्या प्रकरणापासून जी लांबलचक व्याख्यानं सुरू होतात, ती मुख्यतः ली टीबिंग नावाच्या इंग्रज सरसाहेबांच्या तोंडी आहेत. नायक त्यांच्या होला हो मिळवतो, हे खरं. पण शेवटी कटाचे सूत्रधार निघतात ते हेच टीबिंगसाहेब. ज्याने सगळ्यांना फसवलं त्याच्याच शब्दावर चर्चचा इतिहास ठरवायचा का, हे मुलांना विचारायला मला भारी आवडतं.

मग उत्तर नेमकं कशाला द्यायचं ते ठरवा. पाठलाग, खून, कोडी यांना उत्तर नको. ती गोष्ट आहे आणि गोष्ट सांगायला कोणाची हरकत नसावी. उत्तर द्यायचं ते गोष्ट सुरू होण्याआधीच्या एका पानाला. त्या पानाचा मथळाच ‘तथ्य’ असा आहे. प्रायरी ऑफ सायन ही १०९९ साली स्थापन झालेली गुप्त संघटना खरी आहे, १९७५ साली पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला तिची कागदपत्रं सापडली, आणि पुस्तकातली चित्रं, वास्तू, कागदपत्रं, गुप्त विधी यांची वर्णनं अचूक आहेत, असं तिथे लिहिलं आहे. कादंबरीकार इथे कादंबरीकार राहत नाही, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उभा राहतो. मग उलटतपासणी घ्यायला आपण मोकळे.

ती घ्यायची रीत सोपी आहे. फळा असेल तर फळ्यावर, नसेल तर वहीच्या पानावर दोन सनावळ्या शेजारी शेजारी लिहा: पुस्तक काय सांगतं आणि कागद काय सांगतो. प्रायरीपुढे पुस्तकाच्या बाजूला १०९९. दुसऱ्या बाजूला १९५६: त्या वर्षी पिएर प्लांटार नावाच्या माणसाने दोस्तांना घेऊन स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या एका फ्रेंच गावात या नावाची संस्था नोंदवली. जवळ सायन नावाचा डोंगर होता, त्यावरून नाव पडलं. संस्थेच्या पत्रिकेत स्वस्त भाड्याच्या घरांतल्या भाडेकरूंचे प्रश्न यायचे! पुढे साठच्या दशकात बनावट वंशावळी टंकलिखित करून त्या ग्रंथालयात जमा करण्यात आल्या. ‘सापडली’ म्हणतात ती कागदपत्रं ही. शेवटची ओळ १९९३. एका प्रकरणात न्यायाधीशांसमोर शपथेवर जबाब देताना प्लांटार यांनी हे सगळं आपण रचल्याचं कबूल केलं. कादंबरी त्यानंतर दहा वर्षांनी आली. एवढं झालं की गप्प बसा, मुलं स्वतःच बोलू लागतात.

निकेया (आजच्या तुर्कस्तानात) इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेला मात्र जास्त वेळ द्या, कारण तिथला आरोप श्रद्धेच्या मुळाशी जातो. टीबिंग म्हणतात, ३२५ सालापर्यंत येशूला सगळे माणूसच मानत; सम्राट कॉन्स्टंटाइनने परिषद भरवली, मतदान घेतलं, थोड्याच मतांनी येशू देव ठरला आणि सोयीची पुस्तकं बायबलमध्ये घातली गेली. यावर लगेच भाष्य करू नका. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढायला सांगा आणि पाचव्या ओवीपासून अकरावीपर्यंत एखाद्या मुलीला मोठ्याने वाचू द्या. तिथे येशूला देवाच्या स्वरूपाचा आणि प्रभू म्हटलं आहे. हे पत्र प्रेषित पौलाचं, म्हणजे पहिल्या शतकातलं, निकेयाच्या अडीचशेहून अधिक वर्षं आधीचं.

“हे तर तुमचंच पुस्तक,” असं कोणीतरी म्हणेल. म्हणायलाच हवं. म्हणून बाहेरचा साक्षीदार तयार ठेवा: प्लिनी, रोमन साम्राज्याचा एक सुभेदार, ख्रिस्ती लोकांना शिक्षा देणारा. साधारण ११२ साली त्याने सम्राट ट्राजानला पत्र लिहून विचारलं की या लोकांचं करायचं काय. त्यात तो सांगतो, हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात. खात्री करायला त्याने दोन दासींचा छळ करून चौकशी केली. त्या मंडळीत सेविकेचं काम करत. त्यांची नावं त्याने लिहिली नाहीत. आणि हा प्लिनी ज्या बिथुनियाचा सुभेदार होता, निकेया त्याच मुलखातलं. जिथे पुढे येशूला मत देऊन देव केलं म्हणतात, तिथल्या दोन दासी दोनशे वर्षं आधी त्याच श्रद्धेपायी यातना सोसत होत्या. मी हा भाग सावकाश सांगते.

परिषदेत काय झालं तेही सरळ सांगा. वाद होता तो पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे की पित्याने निर्माण केलेला, याचा. एरियस नावाचा धर्मगुरू दुसरी बाजू मांडत होता, पण त्याच्याही लेखी येशू तुमच्या-आमच्यासारखा नुसता माणूस नव्हता. सुमारे ३०० बिशप जमले. अखेरच्या मसुद्यावर सही करायला शेवटपर्यंत नकार देणारे दोन. ‘थोड्याच मतांनी’ ते हे! बायबलमध्ये कोणती पुस्तकं घ्यायची याचा निर्णय तिथे झालाच नाही. आज आपल्या हातात आहे तीच नव्या कराराची २७ पुस्तकांची यादी पहिल्यांदा दिसते ती बिशप अथनासियसच्या ३६७च्या पत्रात, आणि कॉन्स्टंटाइन वारला ३३७ला. पण इथे आपलीही जीभ आवरा. नवा करार आकाशातून बांधीव पडला असं भासवू नका. इब्री लोकांस पत्र, पेत्राचं दुसरं पत्र, प्रकटीकरण यांच्याबद्दल बराच काळ मतभेद होते. हे तुमच्याकडून कळलं तर मुलं पचवतात. नंतर एखाद्या व्हिडिओतून कळलं तर तुमचं आधीचं खरंही खोटं वाटू लागतं.

आता मग्दालीया मरीया. इथे सुरुवातच कबुलीने करा: तिच्यावर अन्याय झाला, आणि तो चर्चनेच केला. ५९१ साली पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात तिला आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) ७व्या अध्यायातल्या पापी स्त्रीला एकच ठरवलं. बायबलमध्ये तसं कुठेही नाही. तरी चौदाशे वर्षं ती वेश्या म्हणून रंगवली गेली. रोमन कॅथलिक पंचांगाने ही सरमिसळ १९६९ साली मागे टाकली. आपण प्रॉटेस्टंट म्हणून सुटलो असंही समजू नका. ईस्टरच्या नाटकात तिला केस मोकळे सोडून भडक साडी नेसवणारे आपणच. मुलांना लूक ८:१–३ वाचायला द्या: मरीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सूसान्ना आणि इतर स्त्रिया स्वतःच्या पैशाने येशूच्या कामाचा खर्च चालवतात. मग योहान २०. पुनरुत्थित येशू आधी भेटतो तिला, आणि निरोप घेऊन धाडतो तिलाच. कोणाची बायको ठरवल्याने हिचा मान वाढतो, हे मला तरी कळलेलं नाही.

लग्नाचा पुरावा म्हणून पुस्तक फिलिप्पाच्या नावावरचं शुभवर्तमान पुढे करतं. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात सापडलेल्या हस्तलिखितांपैकी ते एक, इजिप्तच्या जुन्या कॉप्टिक भाषेतलं. हस्तलिखित चौथ्या शतकातलं, मूळ रचना फार तर दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली. त्यात येशू मरीयेचं चुंबन घेई असं एक वाक्य आहे. ते पान मात्र फाटकं आहे. ‘तिच्या’ या शब्दापुढे पपायरसला भोक आहे. हात, गाल, कपाळ, ओठ, तिथे काय होतं ते पानावर नाही. ‘ओठ’ हा अभ्यासकांनी भरलेला अंदाज. त्या पानाचा फोटो मिळाला तर मुलांना दाखवाच. उलट करिंथकरांस पहिल्या पत्रात, ९:५ मध्ये, पौल विचारतो की इतर प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा (म्हणजे पेत्र) यांच्याप्रमाणे आम्हालाही बायको बरोबर नेण्याचा हक्क नाही का? येशूची पत्नी असती तर हा दाखला त्याने सगळ्यात आधी दिला असता. हा युक्तिवाद आहे, सिद्धता नव्हे, तसंच म्हणा.

पुस्तक म्हणतं, लिओनार्दो दा विंचीच्या ‘शेवटचं भोजन’ या चित्रात येशूच्या शेजारी मरीया बसली आहे. हा प्रश्न दोन वाक्यांत संपवा. मिलानच्या भिंतीवर लिओनार्दोने येशूच्या शेजारी बिनदाढीचा तरुण काढला तो योहान. त्या काळचे इटालियन चित्रकार योहानाला असाच कोवळा काढत. ती मरीया असेल तर बारा शिष्यांतला योहान गेला कुठे?

चेटकिणींच्या आकड्यापाशी मात्र जपून. पुस्तक म्हणतं, चर्चने ५० लाख स्त्रिया जाळल्या. इतिहासकारांचा अंदाज सगळ्या युरोपात मिळून साधारण ४० ते ६० हजार बळींचा. त्यांत पुरुषही होते, आणि बरेच खटले सरकारी न्यायालयांत चालले. आकडा दुरुस्त करा, पण त्याच्याआधी ‘फक्त’ हा शब्द लावू नका. प्रॉटेस्टंट मुलखांतही चिता पेटल्या, तेही त्याच दमात सांगा.

बंदीची भाषा कोणी काढली तर २००६ आठवा. सिनेमा आला तेव्हा मुंबईत निदर्शनं झाली, गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली, इतरत्र खुलाशाची पाटी आणि ‘ए’ प्रमाणपत्र घेऊन तो लागला. ज्यांनी पुस्तकाचं नावही ऐकलं नव्हतं त्यांनी ते त्या गडबडीत ऐकलं. आपल्याकडे याहून चांगला धडा आहे. संभाजी महाराजांना नाटकवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या व्यसनी, बेताल रंगवलं, वा. सी. बेंद्रे यांनी मोर्चा काढला नाही, कित्येक वर्षं दप्तरं चाळली आणि १९६० साली साधार चरित्र छापलं. नाटकं चालूच राहिली, पण अभ्यासकांना आता बेंद्र्यांना वळसा घालून जाता येत नाही.

तीच चाळण आपल्या बाजूच्या फॉरवर्डनाही लावा. नोहाचं तारू सापडल्याचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर अजून फिरतात. ते टाकणारे वडीलधारे असतील तर खासगीत सांगा, चारचौघांत नको. पण मुलांनी विचारलं तर “त्याला आधार नाही” असं स्पष्ट म्हणा.

आणि पुढच्या बैठकीची तयारी आजच करा. इतकी उलटतपासणी शिकलेली मुलं कादंबरीवर थांबत नाहीत. मत्तय १ आणि लूक ३ मधल्या येशूच्या वंशावळी शेजारी ठेवून वाचा. दाविदानंतर एकात शलमोन येतो, दुसऱ्यात नाथान. योसेफाच्या वडिलांचं नावही वेगळं. विचारणारा बहुधा मागच्या बाकावरचा असेल.