आधी गाडी, मग प्लग: इलेक्ट्रिक कार घेताना होणाऱ्या चुका

मी इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून नात्यागोत्यात कुणालाही तशी गाडी घ्यायची झाली की फोन मला येतो. तोही बुकिंग उरकल्यावर. "टोकन भरलंय, आता सांग, घेऊ का?" या प्रश्नाला उत्तर देणं मी हल्ली सोडून दिलंय.

चार्जिंगचं नंतर बघू

सगळ्यात जास्त डोकं याच चुकीने फिरतं. माझ्या मेहुण्याने नेमकं हेच केलं. रंग, सनरूफ, सीटचं कव्हर यांवर महिनाभर खल झाला. गाडी दारात आली त्या संध्याकाळी लक्षात आलं की पार्किंगची जागा इमारतीच्या एका टोकाला आणि आपला मीटर दुसऱ्या टोकाला. इलेक्ट्रिशियन पुढच्या आठवड्यात येणार होता. तोवर दम कुठला? साहेबांनी घरातली एक्स्टेंशनची रीळ आणली, लागली तेवढी वायर उलगडली, बाकीची रिळावर तशीच गुंडाळलेली ठेवली आणि जाऊन झोपले.

सकाळी सहाला फोन. "दाजी, गाडी अर्धीच चार्ज झालीय आणि कसला तरी वास येतोय." जाऊन पाहतो तर प्लगच्या पिना चॉकलेटी पडलेल्या, सॉकेटचं प्लास्टिक वितळून त्यांना चिकटलेलं. रिळावरची वायर बोटाने दाबली तर च्युइंगमसारखी मऊ. आग लागली नाही हे नशीब.

इस्त्री अधूनमधून आपोआप बंद होते, किटली पाच मिनिटांत. गाडी मात्र रात्रभर सलग करंट ओढते. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवरून साधारण ३ किलोवॅट मिळतात. ४० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून पूर्ण भरायची तर ३२ युनिट लागतात, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरली तर ३६ च्या आसपास. म्हणजे १२ तास. आणि वायर गुंडाळलेली असली की तिच्यातली उष्णता आतल्या आत कोंडते.

माझी पद्धत अशी: शोरूमला जायच्या आधी टेप घेऊन पार्किंगमध्ये उभं राहायचं. मीटरपासून गाडीपर्यंतचं अंतर मोजायचं, इमारतीची परवानगी लेखी घ्यायची, स्वतंत्र लाइन, जास्त करंट ओढला की लाइन तोडणारा स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा ब्रेकर आणि नीट अर्थिंग करून घ्यायचं. इलेक्ट्रिशियन सांगेल त्याहून एक नंबर जाड वायर टाकतो मी. तो हसतो, हसू दे. भारी वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवर बसवायचा चार्जिंगचा डबा, घेण्याआधी गाडीच्या आतला चार्जर किती किलोवॅटचा आहे तेही बघा. तो ७.२ चा असेल तर ११ चा बॉक्स लावूनही गाडी ७.२ पेक्षा जास्त घेणार नाही.

घरीही चार्जिंग नाही, कामाच्या ठिकाणीही नाही, सगळी भिस्त बाहेरच्या फास्ट चार्जरवर, असं असेल तर माझं मत सरळ आहे: तूर्त घेऊ नका. तिथे युनिट सहसा महाग पडतं आणि रांगेत जाणारा वेळ कुणी हिशोबात धरत नाही.

ब्रोशरमधली रेंज खरी मानणं

ब्रोशरमधला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. रस्त्यावर वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० आणि ११० मध्ये बॅटरीला फार मोठा फरक पडतो. कडाक्याच्या थंडीत हीटर वेगळा खातो. पेट्रोलच्या गाडीच्या नेमकं उलट, ही गाडी शहरातल्या थांबत-चालत ट्रॅफिकमध्ये जास्त चालते, कारण ब्रेक लावताना थोडी वीज परत मिळते.

समजा कागदावर ४५० किलोमीटर आहेत आणि हायवेला खरे ३०० मिळतात. लांबच्या प्रवासात आपण ८० टक्क्यांपर्यंत भरतो आणि १५ वर आलं की चार्जर शोधतो. मधले ६५ टक्के म्हणजे १९५ किलोमीटर. दोन थांब्यांमधलं तुमचं खरं अंतर हे.

पण याची धास्ती घेऊन सगळ्यात मोठी बॅटरी घेणारेही कमी नाहीत. वर्षातून दोनदा गावाला जायचं म्हणून उरलेलं वर्षभर ते वजन आणि तो हप्ता वाहायचा! मी घेण्याआधी महिनाभर वहीत रोजचे किलोमीटर लिहिले होते. बहुतेक दिवस ४० च्या आत, १२० च्या वर फक्त एक दिवस. मधली बॅटरी घेतली. "एवढा धीर कुणाला आहे?" असं मला तोंडावर विचारलं गेलंय. पुढची सात वर्षं हप्ते भरायला धीर आहे, महिनाभर वही लिहायला नाही.

पेट्रोल वाचलं म्हणजे पैसे वाचले

पेट्रोलच्या आणि इलेक्ट्रिक गाडीच्या किमतीतला फरक घ्या, त्यावरचं व्याज आणि चार्जिंग पॉइंटचा खर्च मिळवा, आणि दर किलोमीटरला होणाऱ्या बचतीने भागा. येतील तेवढे किलोमीटर चालल्यावर फायदा सुरू होतो. रोज पंधरा किलोमीटर फिरणाऱ्याने हे गणित केलं तर तो बहुधा गप्प बसेल. मी एका युनिटला ६ किलोमीटर धरतो, आणि युनिट विजेच्या मीटरवरचे मोजतो, डॅशबोर्डवरचे नाही, म्हणजे चार्जिंगमध्ये वाया गेलेली वीजही धरली जाते. गाडी जड असल्याने टायरही लवकर झिजतात.

आता बारीकसारीक.

फास्ट चार्जरवर १०० टक्के होईपर्यंत ठाण मांडून बसू नका. ८० नंतर वेग पडतो. रिकाम्या डब्यात चढणं सोपं, भरलेल्यात जागा शोधावी लागते, तसंच. मागे लोक उभे असतात.

"रोज ८० च्या वर भरायचं नाही" हे अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओतून शिकलेलं ज्ञान सगळ्यांना लागू नाही. गाड्यांत मुख्यतः दोन जातींच्या बॅटऱ्या येतात, एलएफपी आणि एनएमसी. एलएफपी बॅटरी अधूनमधून पूर्ण भरायला कंपन्याच सांगतात, नाहीतर टक्क्यांचा अंदाज चुकायला लागतो. एनएमसीला मात्र ८० बरं. गाडीचं मॅन्युअल वाचा, त्यात लिहिलेलं असतं.

बॅटरीच्या वॉरंटीतली अट वाचा. बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, पण क्षमता घटल्याची भरपाई सहसा ती ७० टक्क्यांखाली गेली तरच. ७१ असेल तर त्यापोटी काही मिळत नाही. जुनी गाडी घेताना बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट मागा, आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला चालते का तेही विचारा.

आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी याही गाडीत असते, बरं का. एकदा ऑफिसच्या पार्किंगमध्ये मोठी बॅटरी ७४ टक्के भरलेली आणि गाडी सुरू होईना, कारण ही छोटी मेलेली. तेव्हापासून दर सर्व्हिसिंगला मी तिचा व्होल्टेज मोजायला लावतो आणि आकडा जॉबकार्डवर लिहून घेतो.