डेसमॉस, जिओजेब्रा आणि स्प्रेडशीट घेऊन कॅल्क्युलस कसं शिकावं, कसं शिकवावं

कॅल्क्युलसमधली प्रत्येक मूळ कल्पना हालचालीची आहे. दोन बिंदूंमधलं अंतर एच शून्याकडे सरकतं, क्षेत्रफळ मोजायच्या पट्ट्या बारीक होत जातात, वक्राला दोन बिंदूंत कापणारी छेदिका फिरत फिरत एकाच बिंदूला टेकणाऱ्या स्पर्शिकेला येऊन मिळते. फळ्यावर हे चित्र एका क्षणी गोठतं, मोबाइलच्या पडद्यावर ते हलवता येतं. डेसमॉस आणि जिओजेब्रा ही ग्राफ काढणारी साधनं आणि स्प्रेडशीट घ्यायची ती त्यासाठी. उत्तर काढून घेण्यासाठी ती घेतली, तर हाती काही लागत नाही.

म्हणून एक नियम कडकपणे पाळा: स्लायडरला, म्हणजे आकडा बदलायच्या सरकपट्टीला, बोट लावण्याआधी काय होईल याचा अंदाज वहीत लिहा. वर्गात दोन मिनिटं द्या, प्रत्येकाने ग्राफ पेपरवर कच्ची रेघ काढू द्या आणि मगच पडदा दाखवा. अंदाज चुकला तर तो खोडू नका, शेजारी खरा ग्राफ काढा. शिकणं त्या दोन रेघांमधल्या फरकातूनच होतं.

छेदिकेपासून स्पर्शिकेपर्यंत

डेसमॉसचं ग्राफिंग कॅल्क्युलेटर फुकट आहे आणि खातं न उघडताही चालतं. पहिल्या ओळीत एफ ऑफ एक्स बरोबर एक्सचा वर्ग लिहा. घातासाठी ६ च्या बटणावरची टोपीची खूण वापरा. पुढच्या दोन ओळींत ए बरोबर १ आणि एच बरोबर १ लिहा, त्यांचे स्लायडर आपोआप तयार होतात. स्लायडरच्या टोकावरच्या आकड्यावर टिचकी मारून एचची मर्यादा −२ ते २ करा आणि पायरी ०.०१ ठेवा.

आता चढ. एम बरोबर, कंसात एफ ऑफ (ए अधिक एच) वजा एफ ऑफ ए, आणि या सगळ्याला भागिले एच. इथला बाहेरचा कंस विसरणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. कंस नसला की भागाकाराची खूण फक्त शेवटच्या एफ ऑफ ए ला लागते. वाईट म्हणजे एच १ असताना दोन्हींचं उत्तर ३ च येतं, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. एच ०.५ करून पाहा: बरोबर मांडणीत एम २.५ येतो, चुकीच्या मांडणीत ०.२५.

पाचव्या ओळीत रेषा लिहा: वाय बरोबर एम गुणिले (एक्स वजा ए) अधिक एफ ऑफ ए. (ए, एफ ऑफ ए) आणि (ए अधिक एच, एफ ऑफ (ए अधिक एच)) हे दोन्ही बिंदू वेगळ्या ओळींत टाका. मग एच हळूहळू कमी करा. ०.१ ला चढ २.१, ०.०१ ला २.०१. डावीकडून, म्हणजे −०.१ वरून, १.९. एच नेमका ० झाला की रेषा पडद्यावरून नाहीशी होते. इथे थांबा आणि मुलांना कारण विचारा. शून्याला शून्याने भागायला सांगितल्यावर यंत्रही उत्तर देत नाही, आणि लिमिट म्हणजे त्या जागी न जाता तिच्याजवळ काय घडतंय ते पाहणं. हे शब्दांत सांगताना तास संपतो, इथे एका झटक्यात दिसतं.

मग पहिल्या ओळीत एक्सचं केवल मूल्य टाका आणि ए ० करा. एच धन असेपर्यंत चढ १, ऋण झाला की −१, मधे काहीच नाही. कोपऱ्यावर डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्या बिंदूवरचा नेमका चढ, का नसतो याला वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. झूम करूनही पाहा: एक्सच्या वर्गाचा वक्र जवळून सरळ रेघेसारखा दिसू लागतो, हा कोपरा कितीही जवळ गेलात तरी कोपराच राहतो.

तीन सापळे

पहिला सापळा अंशांचा. कोन मोजायचं सेटिंग डिग्रीवर असेल तर साइनचा शून्याजवळचा चढ १ ऐवजी सुमारे ०.०१७४५ येतो, म्हणजे पाय (π) भागिले १८०. सगळी सूत्रं रेडियन धरून लिहिलेली असतात. डेसमॉसमध्ये पान्याच्या चिन्हात जाऊन ते तपासा. शिकवत असाल तर एकदा मुद्दाम डिग्री ठेवून दाखवा, रेडियन कशासाठी हा प्रश्न तिथेच सुटतो.

दुसरा लॉगचा. आपल्या बारावीच्या पुस्तकात कॅल्क्युलसमधला लॉग एक्स म्हणजे पाया ई असलेला लॉग. डेसमॉसमध्ये आणि स्प्रेडशीटमध्ये नुसता लॉग लिहिला की पाया १० धरला जातो आणि एक्स १ असताना चढ १ ऐवजी ०.४३४३ मिळतो. दोन्हीकडे एल-एन ही अक्षरं टाइप करायची सवय लावा.

तिसरा सापळा ग्राफचाच. (एक्सचा वर्ग वजा १) भागिले (एक्स वजा १) काढलं की अखंड सरळ रेषा दिसते, कारण एका बिंदूच्या भोकाला रुंदी नसते. यालाही एफ हे नाव द्या आणि पुढच्या ओळीत एफ ऑफ १ विचारा, व्याख्या नाही असं उत्तर येईल. कंटिन्युइटी, म्हणजे ग्राफ कुठे तुटत नाही ना, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं नाही.

लिमिटचा तक्ता

स्प्रेडशीटमध्ये ए१ सेलमध्ये ०.१ लिहा, ए२ मध्ये ए१ भागिले १० आणि ते दहाव्या ओळीपर्यंत खाली ओढा. बी कॉलममध्ये (१ वजा कॉस एक्स) भागिले एक्सचा वर्ग, एक्स म्हणजे ए कॉलममधला आकडा. खरं लिमिट अर्धा आहे. पहिल्या ओळीत ०.४९९५८, दुसऱ्यात ०.४९९९९६, सगळं ठीक. पाचव्या-सहाव्या ओळीपासून शेवटचे अंक डगमगायला लागतात आणि आठव्या ओळीत उत्तर थेट ० होतं.

गणित चुकलेलं नाही. यंत्र साधारण १६ अंकच धरून ठेवतं. एक्स इतका लहान झाला की कॉस एक्स त्याच्या लेखी बरोबर १ असतो आणि वजाबाकीत सगळी माहिती पुसली जाते. आता सी कॉलममध्ये १ वजा कॉस एक्सच्या जागी २ गुणिले साइन (एक्स भागिले २) चा वर्ग लिहा. उत्तर ०.५ वर पोहोचतं आणि शेवटपर्यंत तिथेच राहतं. हे तेच रूपांतर आहे जे पुस्तकात लिमिट सोडवताना करायला लावतात. ते कशासाठी करायचं, याचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरीकडे क्वचित मिळेल.

शीटमधली आणखी एक खोड: समोर वजा असलेला वर्ग. वजा ए१ चा वर्ग असं सरळ लिहिलं तर शीट आधी वजा लावतं, मग वर्ग करतं, म्हणजे उत्तर धन. ई चा घात वजा एक्सचा वर्ग काढताना ए१ चा वर्ग कंसात घ्या.

पट्ट्यांनी क्षेत्रफळ

यासाठी जिओजेब्रा सोपं पडतं, त्याचं मोबाइल ॲप नेट नसतानाही चालतं. पुन्हा एक्सचा वर्ग घ्या, ० ते ३, आणि वक्राखालचं क्षेत्रफळ उभ्या पट्ट्यांनी मोजा. पट्ट्यांच्या संख्येसाठी एन नावाचा स्लायडर करा, १ ते १००, पायरी १. मग अप्परसम (वक्राच्या वर जाणाऱ्या पट्ट्यांची बेरीज) आणि लोअरसम (वक्राखाली राहणाऱ्या पट्ट्यांची) या दोन आज्ञा इंग्रजीत, मधे जागा न सोडता लिहा. कंसात क्रमाने फंक्शन, ०, ३, एन. एन ६ असताना वरची बेरीज ११.३७५ आणि खालची ६.८७५. एन ३० केला की ९.४५५ आणि ८.५५५. खरं उत्तर ९ या दोघींच्या चिमटीत येत जातं. दोन बेरजांमधला फरक २७ भागिले एन का आहे, हे मुलांना शोधू द्या. जास्तीचे तुकडे एकावर एक रचले की एकच उंच पट्टी बनते: उंची ९, रुंदी ३ भागिले एन.

पाठोपाठ साइनचं ० ते २ पाय (π) इंटिग्रेशन, म्हणजे अशाच पट्ट्यांच्या बेरजेचं लिमिट, काढा, ० येतं. क्षेत्रफळ मात्र ४ आहे. अक्षाखालचा भाग वजा होऊन येतो, म्हणून क्षेत्रफळ विचारलं असेल तर आधी ग्राफ कुठे अक्ष ओलांडतो ते पाहून तुकडे करायचे.

उत्तर देणारी ॲप्स

फोटो काढला की पायऱ्या देणारी ॲप्स मुलं वापरणारच. ती पडताळणीसाठी कशी वापरायची ते शिकवा. साइन एक्स गुणिले कॉस एक्सचं इंटिग्रेशन वहीत साइनचा वर्ग भागिले २ आलं आणि ॲपने वजा कॉस २एक्स भागिले ४ दिलं, तर कोण चुकलं? दोन्हींची वजाबाकी डेसमॉसवर काढा. ०.२५ उंचीवर आडवी सरळ रेषा दिसते, म्हणजे फरक फक्त स्थिरांकाचा आहे आणि दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. रेषा वाकडी आली तर कुठेतरी चूक आहे. इंटिग्रेशनच्या उत्तराशेवटी अधिक सी कशासाठी लिहायचा, हेही त्या आडव्या रेषेत दिसतं.

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मिळतात: अकरावीच्या भाग २ मध्ये लिमिटपासून सुरुवात, बारावीच्या भाग २ मध्ये बाकीचं. व्हिडिओसाठी खान अकादमी आणि, पदवीच्या पातळीवर, आयआयटींच्या प्राध्यापकांची व्याख्यानं असलेलं एनपीटीईएल. उदाहरण सुरू झालं की व्हिडिओ थांबवून आधी स्वतः सोडवा.

आणि मोबाइल बाजूला ठेवून सरावही हवा. बारावीच्या बोर्डाच्या गणिताच्या पेपरमध्ये कॅल्क्युलेटर चालत नाही आणि ग्राफची फक्त कच्ची आकृती अपेक्षित असते. म्हणून आठवड्यातून एकदा दहा फंक्शन्स द्या, प्रत्येकाला एक मिनिट. अक्ष कुठे ओलांडतो, कुठे चढतो, कुठे वळतो, एवढंच कागदावर. डेसमॉस उघडायचं ते दहाही झाल्यावर.