बंद कारखान्याच्या रानात मुलांना खेळू देताना

बंद पडलेल्या कारखान्याच्या किंवा रेल्वे यार्डाच्या आवारात काही वर्षांत आपोआप रान माजते आणि तिथे मुले तासन्‌तास रमतात, कारण घसरगुंडीचा उपयोग आधीच ठरलेला असतो, विटांच्या ढिगाचा ठरलेला नसतो. डॅनिश उद्यानरचनाकार सी. टी. सोरेनसेन यांनी हेच हेरले होते. त्यांच्या कल्पनेतून १९४३ मध्ये कोपनहेगनच्या एमड्रप भागात मुलांनी टाकाऊ सामानाशी खेळण्याचे पहिले मैदान सुरू झाले.

मुलांना नेण्यापूर्वी मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि जागा स्वतः पालथी घालावी. तिथे पूर्वी बॅटऱ्या, रंग किंवा कातडी कमावण्याचे काम होत असेल, तर मातीच्या तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत मुलांना आत सोडू नये. मातीतले शिसे डोळ्यांना दिसत नाही, ते माखलेल्या बोटांवाटे तोंडात जाते आणि लहानग्यांच्या मेंदूला अपाय करते. सिमेंटच्या जुन्या नालीदार पत्र्यांचे तुकडे दिसले, तर त्यांत ॲस्बेस्टॉस (श्वासावाटे आत गेल्यास फुफ्फुसांना घातक असे तंतुमय खनिज) आहे असेच धरून चालावे; ते झाडूने गोळा करू नयेत, कारण झाडताना त्याचे तंतू हवेत उडतात. वेलींखाली लपलेले हौद आणि उघडी चेंबरे काठीने चाचपून शोधावीत आणि तो भाग वगळावा.

समोरचा धोका मुलाला स्वतःला दिसतो का, एवढाच प्रश्न मी प्रत्येक वेळी महत्त्वाचा मानतो. उतार आणि डगमगता दगड त्याला दिसतो, त्यामुळे तो पाय टाकून अंदाज घेतो. तो अंदाज त्याला घेऊ द्यावा.

सोबत दोर, ताडपत्री, बादल्या आणि थोडे पाणी न्यावे, खेळणी नेऊ नयेत. पहिला अर्धा तास मुले ‘कंटाळा आला’ म्हणतील, तेव्हा काहीही सुचवू नये. मग कोणीतरी काँक्रीटच्या चौथऱ्यावर बाटल्यांची बुचे ओळीने मांडते, ती यंत्राची बटणे होतात, आणि दुसरा पानांचे ‘इंधन’ आणायला धावतो. अशा वेळी ‘हे काय केलंस?’ असे कौतुकाने विचारले तरी खेळ मोडतो (मोठ्यांना हे पटायला जड जाते), म्हणून मुले नजरेत राहतील पण त्यांचे बोलणे ऐकू येणार नाही, इतक्या अंतरावर बसावे.

निघताना आणि काही खाण्यापूर्वी हात साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावेत; सॅनिटायझरने माती निघत नाही. बूट घराबाहेरच काढावेत आणि धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, हे जाण्याआधीच पाहून ठेवावे.