नदीची क्षेत्रभेट: या चुका टाळा

दहावीच्या भूगोलात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. तरी नदीवर जाऊन आलेली मुलं अहवालात 'तापीची लांबी ७२४ किलोमीटर' एवढंच लिहितात. त्यासाठी घराबाहेर पडायचीही गरज नव्हती.

चूक होते ती नदी निवडतानाच. धुळ्याकडे सगळे तापीवर जातात. तिथं पाणी खोल, काठ गाळाचे आणि ढासळणारे. मुलांना उतरवताच येत नाही. तापी मुडावदला, पांझरा तिला मिळते त्या संगमावर, काठावरूनच दाखवा. मोजमापाला तिच्या उपनद्यांपैकी पांझरा किंवा बोरी घ्या, तीही पाणी घोट्याएवढं असेल तिथं.

पात्र कोरडं असलं म्हणून भेट रद्द करू नका. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कापलेला काठ, आतल्या अंगाला साचलेली वाळू हे तेव्हाच उघडं दिसतं. खरी काळजी भरपूर पाणी दिसलं तर करायची. पांझरेवरच्या अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं असेल तर तुम्ही मोजता तो वेग धरणाच्या दारांचा, आणि पाणी बघता बघता वाढतं. पाटबंधारे कार्यालयात आदल्या दिवशी आणि निघतानाही विचारा. त्याशिवाय एकही मूल पात्रात उतरता कामा नये.

वेग मोजताना आमच्या पाच गटांचे आकडे एकदा जुळेचनात. एका गटानं रिकामी बाटली सोडली होती आणि समोरचा वारा तिला मागे रेटत होता. संत्रं सोडा, ते बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं, वारा कमी लागतो, लांबून दिसतंही. दोरीनं दहा मीटर आखा, संत्रं पहिल्या रेषेच्या थोडं आधी, पाणी येतं त्या बाजूला सोडा. मधोमध आणि दोन्ही काठांशी तीन-तीनदा वेळ घ्या. दहा मीटरला वीस सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.५ मीटर, पण तो वरच्या थराचा. तळाशी घर्षणानं पाणी मंदावतं, म्हणून ०.८५ नं गुणा: सुमारे ०.४३.

आकार तपासायला गोटे मुलं सुबक बघून उचलतात, मग सगळेच गोल निघतात. डोळे मिटून बोटाला लागेल तो घ्यायला सांगा.

डावा-उजवा काठ पाणी वाहत जातं त्या दिशेला तोंड करून ठरतो. धुळ्यात पांझरा पूर्वेला वाहते, म्हणून नदीच्या उत्तरेचं देवपूर डाव्या काठावर.

आणि माणसांना टाळू नका. साक्रीकडे पांझरेवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत; या पद्धतीत शेतकरी मिळून पाणी वाटतात आणि जमिनीच्या एकेका गटात, म्हणजे फडात, एकच पीक घेतात. मुलं फोटो काढून पुढं जातात. पाटावरचा माणूसच विचारतो, "काय मोजी राह्यनात भाऊ?" तिथंच वही उघडा. यंदा कोणत्या फडात कोणतं पीक, पाण्याची पाळी कोण ठरवतं, पाट कधी साफ करतात, हे त्याच्याच तोंडून लिहून घ्या.