एकत्र राहायचं ठरलंय? नकाशाआधी गरजांची बैठक घ्या

निवृत्तीला आलेली मित्रमंडळी जमीन घेऊन एकत्र राहायचं ठरवतात, आणि पहिल्याच मीटिंगला आर्किटेक्टचा नकाशा टेबलावर येतो. मग बोलणं टू बीएचके, पार्किंग आणि चौरस फुटाच्या दरावर जातं. कुणाला नेमकं कशासाठी एकत्र राहायचंय, हे विचारायचं राहूनच जातं.

सहनिवासाची आजची कल्पना डेन्मार्कमध्ये रुजली, तिथे क्रम उलटा होता. मुलांना आईबापांखेरीज आणखी पुष्कळ मोठ्या माणसांचा आधार हवा, असं तिथल्या लेखिका बोडिल ग्रा यांनी १९६७ साली वर्तमानपत्रात लिहिलं. त्या लेखाने जमलेल्या कुटुंबांमधून पुढे, १९७२ मध्ये, कोपनहेगनच्या उत्तरेला सेटेडामेन ही २७ घरांची वस्ती उभी राहिली. तिथे स्वतंत्र घरांच्या जोडीला सर्वांचं मिळून एक सामायिक घर आहे. गरज आधी बोलली गेली, विटा नंतर आल्या.

आधी जाहीर करा: आज काहीच ठरणार नाही

निमंत्रणातच लिहा, ‘या बैठकीत निर्णय होणार नाही.’ निर्णय व्हायचा असला की माणसं बाजू घेऊन येतात, आणि मग ऐकणं बंद होतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ही विभागणी फार चांगली सांभाळली आहे. तिथे विषयाचा खल अभ्यासगटात होतो, निर्णय ग्रामसभेत होतो, आणि तोही सर्वसहमतीने. आपल्या सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत दोन्ही एकदमच उरकायला जातात. तिथल्या भांडणांचं मोठं कारण मला तरी हेच वाटतं.

माणसं, जागा, चहा

बैठक चालवायला असा सूत्रधार निवडा ज्याचा त्या दिवशीच्या विषयात फारसा हितसंबंध नाही. ज्याची जमीन किंवा ज्याचा पुढाकार, त्याने तरी हे काम घेऊ नये. टिपणं घेणारी व्यक्ती वेगळी हवी. दहा-बारांपेक्षा जास्त माणसं असतील तर दोन गट करा. गोल बसा, कमी ऐकू येणाऱ्यांना सूत्रधाराजवळ बसवा आणि दीड तासात थांबा.

नवरा-बायकोंना शेजारी बसवू नका. ‘आमचं दोघांचं एकच मत आहे’ हे वाक्य बहुतेक वेळा एकाच तोंडून येतं. चहा-पोहे बाहेरून मागवा किंवा आधीच उरकून घ्या. बैठकीच्या वेळी निम्म्या बायका ओट्यापाशी उभ्या असतील, तर सामायिक स्वयंपाकघराबद्दल सर्वांत जास्त माहिती असलेली माणसंच चर्चेबाहेर राहतील.

प्रश्न कसा विचारायचा

‘तुम्हाला काय काय हवं?’ असं विचारलंत की यादी येते: जिम, क्लब हाउस, देऊळ, स्विमिंग पूल. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारा. ‘गेल्या वर्षभरात घरात कधी अडलं? तेव्हा कोण धावून आलं?’ किंवा ‘आठवड्यातली कुठली वेळ तुम्हाला खायला उठते?’ तीन-चार मिनिटं शांतपणे कागदावर लिहू द्या. मग फेरी घ्या: एकेकाने बोलायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. नको असेल त्याने ‘पुढे’ म्हणावं. फेरी पूर्ण झाली की त्यांना पुन्हा विचारा. बहुतेक जण तेव्हा बोलतात.

मागणीच्या आत शिरा

सूत्रधाराचं खरं काम इथे आहे, आणि ते घाईने होत नाही. माणूस गरज सांगत नाही, स्वतःला सुचलेला उपाय सांगतो. समजा, एक काकू म्हणतात:

‘मला तळमजल्यावरचंच घर पाहिजे.’

‘ते मिळालं तर काय सोपं होईल, काकू?’

‘गुडघे रे. लिफ्ट बंद पडली की मी घरातच अडकते.’

‘आणि लिफ्ट कधीच बंद पडणार नसेल तर?’

‘तरी नको. वर कोण येतंय बघायला? खाली असलं की येताजाता कुणीतरी डोकावतं.’

‘म्हणजे बाहेर पडायला कुणावर अवलंबून राहायचं नाही, आणि दिवसातून कुणीतरी दिसायला हवं. बरोबर?’

‘दिसायला नको, बोलायला हवं.’

त्या शेवटच्या दुरुस्तीसाठी आधीचे सगळे प्रश्न होते. आता तळमजला हा अनेक उपायांपैकी एक झाला. लिफ्टला बॅकअप, दुसऱ्या मजल्यावरही बसायला ऐसपैस व्हरांडा, सकाळचा चहा एकत्र, अशी बरीच दारं उघडली. सारखं ‘का, का’ विचारू नका, माणसाला जाब विचारल्यासारखं वाटतं. ‘ते मिळालं तर काय सोपं होईल?’ हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी चालतो. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा आणि समोरच्याला दुरुस्त करू द्या.

नाजूक विषय

सामायिक स्वयंपाकघर म्हटलं की मांसाहाराचा विषय निघणारच, आणि त्यामागे जात-धर्माच्या जुन्या जखमाही असतात. तो टाळू नका. नियम एकच ठेवा: प्रत्येकाने स्वतःच्या ताटाबद्दल बोलायचं, दुसऱ्याच्या नाही. ‘मला वासाने मळमळतं’ हे ऐकून घेता येतं आणि त्यावर वेगळी शेगडी, वेगळी भांडी, वेगळे वार असं काही सुचतं. ‘तुम्ही लोक खाता ते इथे चालणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर सूत्रधाराने तिथल्या तिथे थांबवावं आणि तेच स्वतःपासून सुरू करून पुन्हा सांगायला लावावं. ज्याला आयुष्यभर असं ऐकावं लागलंय, त्याने ते इथेही गप्प बसून ऐकावं अशी अपेक्षा ठेवणं अन्याय आहे.

पैसे, आजारपण, परदेशातल्या मुलांशी असलेलं नातं, हे गोलात बसून बोलवत नाही. त्यासाठी डब्यात निनावी चिठ्ठ्या टाकायला सांगा: दरमहा किती खर्च झेपेल, कोणत्या मदतीची भीती किंवा लाज वाटते. एकाच रंगाचं पेन सर्वांना द्या, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सूत्रधारानेच वाचून दाखवा आणि मग चिठ्ठ्या फाडून टाका.

टिपण आणि पुढचं

जो जसं बोलला तसंच लिहा. ‘ज्येष्ठांसाठी सुविधा’ असं लिहिलं की काकूंचं ‘बोलायला हवं’ हरवतं. बैठक संपताना टिपण मोठ्याने वाचा. दोन दिवसांत ते सर्वांना पाठवा, पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावर चर्चा करू नका. ज्यांना टायपिंग जमत नाही त्यांचं म्हणणं तिथे मागे पडतं.

आठवडा-पंधरवडा जाऊ द्या, मग निर्णयाची बैठक बोलवा. नकाशा तेव्हा टेबलावर आणा आणि प्रत्येक खोलीपुढे विचारा, ही टिपणातली कुठली गरज भागवते? जिचं उत्तर येत नाही ती खोली बांधण्याआधी थांबा. राहायला गेल्यावरही वर्षातून एकदा अशी बैठक घ्या. कुणाचं खुब्याचं हाड मोडतं, कुणाचा जोडीदार जातो, कुणाकडे नातवंड राहायला येतं. नवीन कुटुंब येणार असेल तर आधीची टिपणं त्यांना वाचायला द्या आणि फेरीत सर्वांत आधी त्यांना बोलू द्या.