हायड्रोजेलची कृत्रिम कूर्चा किती टिकेल, हे कसे तपासावे

गुडघ्यातील कूर्चेची जाडी जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर असते, आणि भार पडताच तिच्यात कोंडलेले पाणीच बहुतांश ओझे पेलते. तिच्या जागी बसवायचे हायड्रोजेल, म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारे लांब रेणूंच्या धाग्यांचे जाळे, एकदाच दाबून त्याची ताकद मोजणे सोपे असले, तरी त्या आकड्यावर विसंबू नये. होक्काइडो विद्यापीठात 2003 मध्ये तयार झालेल्या दुहेरी जाळ्याच्या जेलने सुमारे 90 टक्के पाणी असूनही 17 मेगापास्कल दाब सोसला. मात्र त्यातील ठिसूळ जाळे स्वतः तुटून ऊर्जा शोषते आणि तुटलेले धागे पुन्हा जुळत नाहीत.

गोठवून व वितळवून केलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या जेलपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. साच्यातून काढलेला खरवसासारखा थुलथुलीत तुकडा लगेच यंत्राखाली ठेवू नये. तो 37 अंश सेल्सिअसच्या फॉस्फेट-मिश्रित खारट द्रावणात, वजन स्थिर होईपर्यंत, बुडवून ठेवावा, कारण फुगल्यावर जेल बहुधा मऊ पडते. पुढील चाचणीही द्रावणातच करावी. उघड्यावर ठेवलेला नमुना वाळून कडक होतो आणि वापराने तो बळकट होत असल्याचा आभास निर्माण होतो.

त्यानंतर सेकंदाला एक या गतीने आवर्ती दाब द्यावा. चालणाऱ्या माणसाच्या एका पायासाठी वर्षाला सुमारे 10 लाख आवर्तने धरण्याचा प्रघात आहे, आणि तेवढ्यांनाच साडेअकरा दिवस लागत असल्याने द्रावणाची पातळी रोज पाहावी. शेवटी नमुन्याची उंची कमी झालेली दिसली, तरी घाईने निष्कर्ष काढू नये: भार काढून तो दिवसभर द्रावणात ठेवावा, म्हणजे नुसते पाणी निघून गेले होते की जाळेच कायमचे बसले, हे कळते.

खरी कसोटी चिरेची असते. पातळ पट्टीला ब्लेडने चीर देऊन ती वारंवार ताणावी आणि दर आवर्तनाला चीर किती सरकते हे सूक्ष्मदर्शकातून मोजावे. अल्जिनेट आणि पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या जेलची एका ताणातील भंगऊर्जा (चीर पुढे सरकवायला लागणारी ऊर्जा) चौरस मीटरला 9000 जूलपर्यंत जाते, तरी वारंवार ताणल्यास त्यातील चीर शंभराहून कमी जूललाच सरकू लागते. सूक्ष्म स्फटिक वाढवलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलमध्ये हीच मर्यादा 1000 जूलपर्यंत नेता आल्याचे 2019 मध्ये दिसले. झिजेची चाचणी शेवटी, आणि समोर प्रत्यक्षात येणाऱ्या पृष्ठभागावरच घ्यावी. गुळगुळीत काचेवर जवळपास प्रत्येक जेल उत्तम ठरते.